स्टिअरिंगला हात न लावता रेस : टॉर्क्सची तोंडओळख

आपल्या होस्टेलमध्ये गेम्सचे दोनच प्रकार आहेत. एक, रेक्टर सर आले की पटकन मिनिमाइज करायचे. दुसरा, सबमिशनच्या आदल्या रात्रीच हमखास आठवणारे. या लेखात मी तिसऱ्या प्रकाराबद्दल सांगणार आहे. हा गेम आपण खेळायचाच नाही. आपण फक्त प्रोग्राम लिहायचा आणि हाताची घडी घालून बसायचं. गाडी प्रोग्राम चालवतो. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी अजून सेकंड गिअरमध्येच आहे. सांभाळून घ्या!)

या गेमचं नाव टॉर्क्स, म्हणजे 'द ओपन रेसिंग कार सिम्युलेटर'. १९९७ मध्ये एरिक एस्पिए आणि क्रिस्तोफ गिओनो या दोघांनी तो साध्या द्विमितीय गेमच्या रूपात सुरू केला. पुढे तो थ्रीडी झाला आणि बर्नहार्ड वायमन यांनी प्रकल्पाची धुरा सांभाळली. जीपीएल लायसन्स असल्यामुळे सगळा सोर्स कोड फुकट आणि उघडा. लिनक्सवर चालतो, विंडोजवरही चालतो. महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, विंगमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या पीसीवरसुद्धा तो निमूटपणे चालतो.

रोबोट म्हणजे काय?

टॉर्क्समधल्या कॉम्प्युटर ड्रायव्हरला रोबोट म्हणतात. रोबोट म्हटल्यावर डोळ्यासमोर लोखंडी हातपाय आणू नका. हा सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला एक छोटा मोड्यूल असतो. गेम सुरू झाला की तो लोड होतो. त्यात ठरलेली काही फंक्शन्स असतात : ट्रॅक लोड झाल्यावर एक, रेस सुरू होताना एक, पिटमध्ये शिरल्यावर एक, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'ड्राइव्ह'.

हे ड्राइव्ह फंक्शन गेममधल्या वेळेनुसार दर ०.०२ सेकंदाला एकदा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा बोलावलं जातं. मधल्या वेळात भौतिकशास्त्राचा हिशोब दर ०.००२ सेकंदाला चालूच असतो : टायरची पकड, सस्पेन्शन, हवेचा रोध, सगळं. ड्राइव्हने फक्त पाच गोष्टी सांगायच्या. स्टिअरिंग उणे १ ते अधिक १ मध्ये किती, ॲक्सिलरेटर ० ते १ मध्ये किती, ब्रेक किती, क्लच किती आणि गिअर कोणता. बस्स! गाडी ताशी २१६ कि.मी. वेगाने पळत असेल, तर दोन निर्णयांच्या मध्ये ती १.२ मीटर पुढे गेलेली असते.

पहिला धडा : सरळ चाला

ट्रॅक म्हणजे लहान लहान तुकड्यांची साखळी. प्रत्येक तुकडा सरळ असतो, डावीकडे वळतो किंवा उजवीकडे. वळणाच्या तुकड्याची त्रिज्या आपल्याला वाचता येते. गाडीचं तोंड कुठे आहे, रस्त्याची दिशा काय आहे आणि गाडी मधल्या रेषेपासून किती लांब आहे, हेही कळतं.

मग स्टिअरिंगचा नियम सोपा आहे. रस्त्याची दिशा आणि गाडीची दिशा यांतला कोन काढा. मधल्या रेषेपासूनचं अंतर रस्त्याच्या रुंदीने भागा, त्याला एका स्थिरांकाने गुणा आणि कोनातून वजा करा. जे उरेल त्याला चाकं जास्तीत जास्त जेवढी वळतात त्या कोनाने भागा. झालं स्टिअरिंग! कंट्रोल सिस्टिम्सच्या लेक्चरला जागे असलेल्यांनी ओळखलंच असेल, हा साधा प्रपोर्शनल कंट्रोलर आहे. स्थिरांक फार मोठा घेतला तर गाडी नागमोडी चालते, फार लहान घेतला तर मधल्या रेषेवर यायला आळस करते. बोर्डवर 'ऑसिलेशन' शब्द दहा वेळा लिहून जे कळत नाही, ते इथे दहा सेकंदांत दिसतं.

दुसरा धडा : वळणावर किती वेग?

फक्त वरचा नियम लिहिलेला रोबोट पहिल्याच वळणावर थेट भिंतीला नमस्कार करतो. कारण टायरची पकड मर्यादित असते. वळताना लागणारा केंद्राभिमुख बल घर्षणापेक्षा जास्त झाला की गाडी बाहेर. अकरावीत पाठ केलेलं सूत्र आठवा :

वेग = √(म्यू × जी × त्रिज्या)

म्यू १ धरू, जी ९.८ आणि त्रिज्या ५० मीटर. उत्तर सेकंदाला २२.१ मीटर, म्हणजे ताशी साधारण ८० कि.मी. त्रिज्या चौपट, म्हणजे २०० मीटर केली, तर वेग फक्त दुप्पट, ताशी सुमारे १६० कि.मी. यात गाडीचं वजन कुठेच नाही, कारण ते दोन्ही बाजूंनी उडून जातं. पण गाडीला पंख लावले, म्हणजे हवेने खाली दाबणारा बल आला, की वजन सूत्रात परत येतं. हवेचा दाब तेवढाच, पण हलक्या गाडीला त्याचा फायदा जास्त. म्हणून पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून पळायचं की मध्ये एकदा पिटमध्ये थांबायचं, हेही रोबोटनेच ठरवायचं.

तिसरा धडा : ब्रेक कधी?

वळणाचा वेग कळला, पण ब्रेक वळणावर पोचून मारायचा नसतो, आधी मारायचा असतो. किती आधी?

अंतर = (आताचा वेगवर्ग − हवा असलेला वेगवर्ग) ÷ (२ × म्यू × जी)

त्याच ५० मीटरच्या वळणाकडे सेकंदाला ३० मीटर वेगाने येत असाल, तर २१ मीटर पुरतात. वेग दुप्पट, म्हणजे ६० मीटर असेल, तर जवळजवळ १५९ मीटर लागतात! दुप्पट वेगाला साडेसातपट अंतर. रोबोटने पुढचे तुकडे तपासत जायचं आणि एखाद्या वळणापर्यंतचं अंतर या हिशोबापेक्षा कमी झालं की ब्रेक.

इथे मला माझ्या रूम पार्टनरबद्दल सांगायचं आहे. तो मेकॅनिकलचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला. ओरलला एक्झामिनरने इंग्रजीत विचारलं की उत्तर येत असूनही गप्प बसतो. आमच्या विंगमध्ये चार जणांनी रोबोट लिहिले. आम्ही तिघे कॉम्प्युटरचे, आमचे क्लासेस आणि कॉमेंट्स अगदी जर्नलसारख्या सुबक. त्याचा कोड जेमतेम दोनशे ओळींचा. पण वरचं सूत्र त्याने आम्हाला मेसच्या टेबलावर, वाटी-चमचा घेऊन, मराठीत समजावलं. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर आहेत. ते म्हणतात, "घाटात ब्रेक पायात नसतो, नजरेत असतो." पुढचं वळण आधी दिसलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. चौघांच्या रेसमध्ये त्याचाच रोबोट पहिला आला. ड्राइव्ह फंक्शनने त्याला 'स्पीक इन इंग्लिश' म्हटलं नाही.

चौथा धडा : रेषा

खरी गंमत इथून पुढे. मधल्या रेषेवरूनच जायला हवं असं कोण म्हणतं? समजा ९० अंशांचं वळण आहे, मधली त्रिज्या ५० मीटर आणि गाडीला दोन्ही बाजूंना ४-४ मीटर सरकायला जागा आहे. बाहेरच्या कडेने शिरा, मध्यावर आतल्या कडेला टेका आणि परत बाहेरच्या कडेने निघा. भूमिती करून बघा, या मार्गाची त्रिज्या ७३ मीटरपर्यंत जाते. वेग ८० वरून ९६ कि.मी.! गाडी तीच, टायर तेच, इंजिन तेच. फक्त कंपास आणि डोकं वापरलं.

टॉर्क्सबरोबर येणारे बर्निव, बीटी, इन्फर्नो, ओलेथ्रॉस असे रोबोट आहेत. त्यांचा कोड उघडून वाचता येतो. कोण मार्ग कसा काढतो, ओव्हरटेक कसा करतो, अडकल्यावर रिव्हर्स कसा घेतो, हे बघणं म्हणजे टॉपरची वही मिळाल्यासारखं आहे, आणि इथे कॉपी करायला परवानगीही आहे!

हा नुसता खेळ नाही

२००८ साली हाँगकाँगला झालेल्या आयईईईच्या परिषदेत टॉर्क्सवर रोबोटांची स्पर्धा झाली आणि पुढची काही वर्षं ती चालू राहिली. मिलानच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या लोइआकोनो, कार्डामोने आणि लांझी यांनी त्यासाठी एक सर्व्हर तयार केला. त्यात रोबोटला ट्रॅकचा नकाशा मिळत नाही, फक्त सेन्सर मिळतात. उदाहरणार्थ, रस्त्याची कड किती लांब आहे हे सांगणारे, २०० मीटरपर्यंत बघणारे १९ सेन्सर. रोबोट वेगळा प्रोग्राम म्हणून नेटवर्कवरून बोलतो, त्यामुळे तो जावात लिहा नाहीतर पायथनमध्ये.

२०१५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसाने टॉर्क्समध्ये १२ तास चालवलेल्या गाडीच्या रेकॉर्डिंगवर न्यूरल नेटवर्क शिकवलं. त्याच वर्षी गुगल डीपमाइंडच्या लोकांनी, चुकत-चुकत स्वतः शिकणारा अल्गोरिदम तपासायला हाच सिम्युलेटर वापरला. खरी गाडी हजार वेळा भिंतीवर आपटून शिकवणं कोणाला परवडणार? इथे आपटलेली गाडी एका क्लिकवर नवी होते. चित्र न दाखवता फक्त निकाल देणारा मोडही आहे, त्यात रेस घड्याळापेक्षा जलद संपते.

मग सुरुवात कशी करायची?

आधी गेम इन्स्टॉल करा आणि कीबोर्डवर दोन-चार लॅप स्वतः मारा, म्हणजे रोबोटबद्दल आदर वाटेल. मग फक्त स्टिअरिंगवाला रोबोट लिहा. मग वेग, मग ब्रेक, शेवटी रेषा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लॅप टाइम वहीत लिहा. ही शिस्त पाळली तर डिबगिंगच्या रात्री निम्म्या होतात.

आणि स्टाफला एक नम्र विनंती. बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीला लाखो रुपये आणि स्पॉन्सर लागतात, आणि टीममध्ये मोजक्याच मुलांना जागा मिळते. टॉर्क्सला फक्त लॅबमधले पीसी आणि शनिवारची दुपार लागते. मिनी प्रोजेक्ट म्हणून हा विषय द्या, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या मुलांच्या जोड्या लावा आणि ओरल घ्यायची असेल तर रोबोटला ट्रॅकवर सोडून घ्या. वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसलेली काही मुलं किती सुंदर वळण घेतात, ते तुम्हालाच दिसेल.