आगारातील शाळा

प्रस्तावना

गावाच्या पारापाशी रात्रभर मुक्कामाला असलेली एसटी पहाटे कशी निघते, हे तुम्ही कधीतरी पाहिले असेल. तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल, तर तुमच्या राज्यातील परिवहन महामंडळाची बस डोळ्यांसमोर आणा. चालक आपल्या जागी बसतो, वाहक दोनदा घंटी वाजवतो आणि गाडी हलते. या दोघांना हे काम कोणी शिकवले, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. प्रस्तुत पाठात त्याच प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. वाचताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा : वरच्या पदाकडे जाताना कर्मचाऱ्याच्या हातातील साधन कसे बदलते?

मूळ पाठ

1 जून 1948 रोजी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ते पुणे या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. तेव्हा मुंबई प्रांत होता. 1960 साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर या सेवेला महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र ती ‘एसटी’च राहिली. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, तर पुण्याजवळ भोसरी येथे मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे.

अवजड वाहनाचा परवाना मिळाला, म्हणजे चालक तयार झाला, असे नव्हे. परवाना हे केवळ प्रवेशपत्र होय. खरी परीक्षा घाटात होते. नवशिक्या उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवतो. त्यामुळे ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होत जाते. म्हणून प्रशिक्षक बजावतो, की उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, वेग इंजिनाला आवरू द्यावा आणि डिझेल वाचवण्याच्या मोहाने गाडी न्यूट्रलमध्ये कदापि सोडू नये. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियम तर सर्वांसाठीच आहे. सकाळी गाडी हलवण्याआधी हवेच्या ब्रेकचा दाब पुरेसा झाला की नाही, हे दाबमापकावर पाहणे, हीदेखील शिकण्याचीच बाब. चालकाच्या कौशल्याचा हिशेब आगारात डिझेलवरूनही मांडला जातो : दहा लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर धावली? धसमुसळेपणाने गाडी चालवणाऱ्याचा आकडा लपत नाही.

वाहकाचे शिक्षण निराळे. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे निघा, हे एका दिवसात येते. सहा किलोमीटरचा एक टप्पा, त्यावरून भाडे, मुलांचे अर्धे तिकीट, सवलतींचे प्रकार हे मात्र गर्दीत, हलत्या गाडीत, तोंडपाठ असावे लागते. शिवाय हे शिक्षण कधी पुरे होत नाही. 2022 साली 75 वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना मोफत प्रवास मिळाला, 2023 साली महिलांना निम्मे भाडे लागू झाले. प्रत्येक निर्णयाबरोबर वाहकाला नवा नियम शिकावा लागला आणि प्रवाशांना तो समजावूनही सांगावा लागला. तिकिटांचा ट्रे आणि चिमटा गेला, यंत्र आले. तेही शिकावे लागले. दिवसाअखेर रोकड आणि हिशेब जुळलाच पाहिजे. कमी पडलेली रक्कम वाहकालाच भरावी लागते.

आता बढतीचा विचार करू. वाहक अनुभवाने आणि बढती परीक्षेने वाहतूक नियंत्रक होऊ शकतो. त्यापुढे वाहतूक निरीक्षकाची पदे आहेत. कार्यशाळेत आयटीआयचा प्रशिक्षणार्थी सहायक होतो, पुढे कारागीर आणि प्रमुख कारागीर होतो. चालकाच्या शिडीला मात्र पायऱ्या थोड्या आहेत. पंचवीस वर्षे विनाअपघात गाडी चालवणारा मनुष्य अनेकदा ज्या आसनावर बसला, त्याच आसनावरून निवृत्त होतो. प्रशिक्षक होणे हा त्याच्यापुढचा सन्मानाचा मार्ग. पण प्रशिक्षकांची संख्या ती किती असणार? हा त्या कौशल्यावर होणारा अन्यायच म्हणावा लागेल.

शिडीच्या पहिल्या पायरीपर्यंत पोहोचण्याची संधीही सर्वांना सारखी नव्हती. महिला वाहक एसटीत पूर्वीपासून आहेत, चालकाचे आसन मात्र दीर्घकाळ पुरुषांचेच राहिले. 2019 साली महामंडळाने चालक-वाहक पदासाठी महिलांची निवड केली आणि त्यांना अवजड वाहनाचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. मध्ये करोनाची साथ आली, प्रतीक्षा लांबली. अखेर जून 2023 मध्ये त्या प्रवासी घेऊन मार्गावर निघाल्या.

आता प्रस्तावनेतील प्रश्नाकडे वळू. चालकाच्या हाती चाक, वाहकाच्या हाती यंत्र आणि वाहतूक नियंत्रकाच्या हाती? लेखणी. कोणती गाडी उशिरा आली, कोणती रद्द झाली, बदली चालक कोणता दिला, याची नोंद तो करतो. वाटेत गाडी बंद पडली किंवा अपघात झाला, तर चालक-वाहकालाही लेखी अहवाल द्यावा लागतो. ‘समोरून गाडी आली आणि मग धडकलो’ एवढे लिहिणारा चालक निर्दोष असूनही चौकशीत अडचणीत येऊ शकतो. वेळ, ठिकाण, वळण, पाऊस, दोन्ही गाड्यांची बाजू हे क्रमाने लिहिणाऱ्याची बाजू कागदावर उभी राहते.

शब्दार्थ : आगार – बसगाड्यांचा तळ, डेपो, वाहक – कंडक्टर, कारागीर – यंत्रकाम करणारा कुशल कामगार.

स्वाध्याय

1. उतारावर खालचा गिअर का टाकावा, हे दोन-तीन वाक्यांत लिहा.

2. चालकाच्या बढतीविषयी लेखकाने व्यक्त केलेले मत तुम्हाला पटते का? सकारण लिहा.

3. तुम्ही वाहक आहात असे समजा. पावसात घाटात गाडी बंद पडली आहे. आगार व्यवस्थापकांना आठ ओळींचा अहवाल लिहा.