शेजपाळी व चारीच्या शेवटचा शेतकरी

बीड जिल्ह्यांत सिंदफणेवरील माजलगांव धरण 1987 सालीं पुरें झालें. पैठणच्या उजव्या कालव्याचेंही पाणी त्यांत येऊन मिळतें. अशा धरणांखालील पाण्याची वांटणी हें आतां एकट्या सरकारी पाटकऱ्याचें काम राहिलेलें नाहीं. 2005 च्या कायद्यानें तें लाभधारकांच्या पाणीवापर संस्थांकडे सोंपविण्याची सोय केली आहे. संस्थेस पाणी घनमापानें मोजून मिळावें, आपल्या वांट्याच्या मर्यादेंत शेतकऱ्यानें हवें तें पीक घ्यावें, आणि संचालक मंडळांत शीर्ष, मध्य व पुच्छ या तिन्ही भागांचे सारखे प्रतिनिधी असावे, अशी त्यांत योजना आहे. कायदा चांगला आहे. परंतु कागदावरची संस्था आणि रात्रीं दोन वाजतां चारीवर उभी असलेली संस्था, यांत अंतर आहे.

संस्था मोडते ती बहुधा शेवटच्या शेतापासून. वरचा बागाईतदार उंसाला दुबार पाणी घेतो, खालच्याची ज्वारी वाळते. मग खालचा पाणीपट्टी देत नाहीं, आणि थकबाकी सबंध संस्थेच्या नांवें चढते. प्रस्तुत लेखकानें महसुलाच्या दप्तरांत थकबाकीच्या याद्या पुष्कळ पाहिल्या. यादींत रक्कम असते, कारण नसतें.

उपाय जुनाच आहे. शेजपाळींत पाणी आधीं शेवटच्या शेतास द्यावें व मग वर यावें. वेळ क्षेत्राप्रमाणें वांटावा. चारीखालीं 40 हेक्टर भिजणार असून पाळी सात दिवसांची, म्हणजे 168 तासांची असेल, तर हेक्टरीं 4 तास 12 मिनिटें येतात. परंतु चारींत पाणी मुरतें, हें पुष्कळ मंडळी विसरतात (वरची मंडळी विशेष). मुखाशीं सेकंदास 30 लिटर व शेवटीं 24 लिटर भरलें, तर तितक्याच पाण्यासाठीं शेवटच्यास सव्वापट वेळ लागतो. म्हणून दोन्हीं ठिकाणीं पाणी मोजावें, आणि खालच्याचा वेळ वाढवून वरच्याचा त्या मानानें कमी करावा. रात्रीची पाळीही फिरती ठेवावी.

नाशिक जिल्ह्यांतील वाघाड प्रकल्पावर ओझरच्या तीन संस्था प्रथम निघाल्या, त्या कालव्याच्या शेवटींच होत्या. पाणी पोंचत नव्हतें म्हणूनच तेथील शेतकरी एकत्र आले. पुढें सबंध प्रकल्पावरील 24 संस्थांची मिळून एक संस्था झाली.

आपल्याकडे अवर्षण नित्याचें. 2016 सालीं मांजरा धरण कोरडें पडून लातुरास रेल्वेनें पाणी न्यावें लागलें. पाणी थोडें असेल तेव्हां सर्वांचेच तास सारख्या प्रमाणांत कमी करावे. शेवटचें शेत वगळूं नये. 15 ऑक्टोबरचा साठा कळतांच सभा बोलवावी, ऊस किती ठेवावयाचा हें तेथेंच ठरवावें, आणि पाळीची यादी, तासांसह, चावडीवर लावावी.