मोठा नकाशा व लहान यंत्र

मेजावर मावणारें लहान सी. एन्. सी. यंत्र चालविणाऱ्या विद्यार्थ्यांस असें वाटतें कीं, मोठ्या यंत्राची फाईल निम्मी केली म्हणजे काम झालें. हा समज कोठें फसतो तें आम्ही एका पेटीच्या उदाहरणानें दाखवितों.

मूळ पेटी १८ मिलिमीटर जाड प्लायवूडची. म्हणून सांध्यांच्या खांचाही तितक्याच रुंद. नकाशा निम्मा करतांच खांच ९ मिलिमीटरची होते. फळी मात्र आपोआप पातळ होत नाहीं! शिवाय ९ मिलिमीटरची म्हणून घेतलेली फळीही पुष्कळदां किंचित् कमी भरते. यास्तव प्रथम कॅलिपरनें फळी मोजावी व त्या मापानें प्रत्येक खांच नव्यानें आंखावी.

बिटाचेंही तसेंच. तळाची १० मिलिमीटरची पन्हळ निम्मी झाली, तर तींत ६ मिलिमीटरचें बिट शिरणार नाहीं. ३ मिलिमीटरचें बिट नाजूक. तें एका फेरींत थोडेंच खोल न्यावें, नाहीं तर मोडतें. बिट गोल फिरत असल्यामुळें खांचेचे आंतील कोपरेही गोल राहतात. ते पटाशीनें काटकोनांत आणावे.

यंत्रास दिलेल्या जी-कोडांत बहुधा 'जी२०' ही इंचांची व 'जी२१' ही मिलिमीटरांची खूण असते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हां ही खूण चुकल्यास काय अनर्थ होईल, हें सांगणें नलगे. म्हणून तयार जी-कोड न वापरतां मूळ नकाशाच सुधारून नवा कोड करावा, आणि चांगल्या फळीस हात लावण्यापूर्वीं टाकाऊ तुकड्यावर एक सांधा जुळवून पाहावा.