ड्रममध्ये न वाढणारी बुरशी

मृग तोंडावर आला की कृषी सेवा केंद्रांच्या फळीवर मायकोरायझाची पाकिटं पुढे येतात. ट्रायकोडर्मा, पीएसबी, रायझोबियम यांच्या शेजारीच ती मांडलेली असतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पाकीट घरी नेलं जातं, दोनशे लिटरच्या ड्रममध्ये गूळ-बेसनासोबत भिजत पडतं. ट्रायकोडर्मा अशा खुराकावर वाढतो. मायकोरायझा नाही. जिवंत मुळाखेरीज ही बुरशी कुठेच वाढत नाही, म्हणून ती थेट मुळापाशीच पोचवावी लागते.

मुळाच्या पेशींत शिरून ती पिकाने तयार केलेली साखर घेते आणि मोबदल्यात स्फुरद, जस्त पुरवते. स्फुरद जमिनीत जवळजवळ हलत नाही. मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला की मूळ उपाशी. बुरशीचे तंतू त्यापलीकडे काही सेंटीमीटर जातात. चुनखडीच्या रानात, जिथे दिलेला स्फुरद चुन्याशी बांधला जातो, तिथे ही मदत मोलाची.

कांद्याला तर ती फारच मानवते, कारण त्याची मुळं आखूड, विरळ आणि केसमुळं नावापुरती. खरीप कांद्याचं रोप टाकताना गादीवाफ्यावर बियाण्याच्या ओळीखाली पातळ थर द्यावा, नाहीतर लावणीच्या वेळी मुळं तिच्या रबडीत बुडवावीत. जळगावच्या मृगबागेत लागणारी ऊतिसंवर्धित केळीही अशीच गरजू: निर्जंतुक बाटलीत वाढलेल्या रोपाच्या मुळांत ही बुरशी नसतेच. पिशवीत किंवा लागवडीच्या खड्ड्यात, मुळाला चिकटेल अशी ती द्यावी.

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक, बीट यांच्यावर मात्र पैसे घालवू नयेत. ही पिकं तिला मुळांत थारा देत नाहीत.

आता डीएपी. 50 किलोच्या गोणीत 23 किलो स्फुरद असतो. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघालेला असतानाही सवयीने गोणी फोडली, तर पीक बुरशीला साखर द्यायलाच हात आखडता घेतं. मग पाकिटाचा खर्च वाया. आधी अहवाल, मग खताचा हिशेब. लागवडीच्या सुमारास कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणीही टाळलेली बरी. आणि रोटाव्हेटर? प्रत्येक फेरीगणिक तो जमिनीतलं तंतूंचं जाळं तोडतो.

रान फार काळ मोकळं पडलं तर तिथली मूळची बुरशीही घटते. मका, ज्वारी किंवा चवळी घेतल्यास ती टिकते. नव्याने वापरणाऱ्यांनी दोन सऱ्या मुद्दाम मायकोरायझाविना सोडाव्यात, खत-पाणी सारखंच द्यावं आणि काढणीला दोन्हींचा माल वेगळा तोलावा.