दुखत नाही, हा पुरावा नव्हे

मनुष्याच्या मनात आरोग्याची कल्पना वेदनेच्या अभावाशी इतकी घट्ट जडलेली असते, की जोपर्यंत अंग दुखत नाही, भूक लागते, झोप येते आणि नित्याची कामे हातून पार पडतात, तोपर्यंत आपल्या देहाचा कारभार यथास्थित चालला आहे याविषयी त्याला तिळमात्र शंका येत नाही. बहुतेक रोगांच्या बाबतीत ही समजूत फारशी घातक ठरत नाही. दात किडला की तो ठणकतो, आणि ठणक लागलेल्या माणसाला दवाखान्याची वाट दाखवावी लागत नाही. मधुमेहाचा मामला निराळा आहे. दुखण्याची वर्दी ज्या मज्जातंतूंनी द्यायची, त्यांनाच हा रोग हळूहळू निकामी करतो, आणि मग तक्रार न येणे हीच सर्वांत गंभीर तक्रार होऊन बसते. महसूल खात्याच्या कचेरीत ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्या माझ्यासारख्या माणसाला दाखल्यावाचून कोणाच्या तोंडच्या शब्दावर विसंबायचे नाही अशी सवय लागलेली असते. तीच सवय मी पुढे माझ्या मधुमेहाला लावली, आणि त्याला कारण झाला माझ्या वडील बंधूंवर ओढवलेला प्रसंग.

दादांची अंगकाठी किरकोळ, शरीर शेतात राबून काटक झालेले. मधुमेहाचे निदान झाल्यापासून गोळ्या ते नेमाने घेत. परंतु काही होत नसताना तपासणीला जाणे म्हणजे पैशाचा आणि वेळेचा अपव्यय, असे त्यांचे ठाम मत होते. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाच्या दर्शनाला अनवाणी जाण्याचा त्यांचा नेम होता. एका वर्षी दुपारच्या उन्हाने आवारातली दगडी फरशी अशी तापली होती, की आम्ही सगळे पाय उचलून उचलून टाकीत सावली शोधीत होतो. दादा मात्र हात जोडून रांगेत निश्चल उभे होते. भोवतालच्या भाविकांनी त्यांच्या निष्ठेची तारीफ केली. त्यांची निष्ठा खरीच होती; परंतु पाय भाजत असताना ते त्यांना कळत नव्हते, याचे कारण निष्ठा नव्हते.

घरी परतल्यावर वहिनींना त्यांच्या तळव्यावर टपोरा फोड दिसला. “दुखत नाही ना, मग बसेल आपोआप,” असे म्हणून दादांनी त्यावर हळद-तेल लावले आणि दुसऱ्या दिवशी ते शेतावर गेले. फोड फुटला, त्यात माती गेली, पाऊल सुजले, घोट्याजवळ कातडी काळवंडली. अखेरीस अंगात ताप भरला आणि जखमेला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा कोठे आम्ही त्यांना जिल्ह्याच्या गावी इस्पितळात नेले. तोवर गँगरीन हाडापर्यंत पोहोचले होते. गुडघ्याखालून पाय काढण्यावाचून दुसरा इलाज उरला नव्हता, आणि तो काढावा लागला. फोड आल्यापासून शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत दादांनी ‘दुखते’ असा शब्द एकदाही उच्चारला नाही. आणि त्यांच्या सोशिकपणाचे ज्यांना कौतुक वाटले, त्यांना हे ठाऊक नव्हते की सोसावे असे काही त्या पावलाला जाणवतच नव्हते.

यामागील कारणपरंपरा प्रत्येक मधुमेह्याने समजून घ्यावी. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, म्हणजे मज्जातंतू आणि त्यांचे पोषण करणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या या दोहोंची हानी होते. सर्वांत लांब तंतू पायांचे असल्यामुळे बधिरतेचा प्रारंभ बोटांपासून होऊन ती वर सरकते. तळव्यांना घाम येईनासा होतो, त्वचा कोरडी पडून भेगा पडतात. आणि रक्तपुरवठा मंदावलेला असल्यास लहानशी जखमही भरून येत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी असे दाखवून दिले, की त्या रुग्णांची बोटे झिजतात ती मुख्यत्वे वेदना हरपल्यामुळे नकळत होणाऱ्या इजांनी. आणि पुढे अमेरिकेत लुइझियाना प्रांतातील कारव्हिल येथे काम करताना त्यांनी हेच तत्त्व मधुमेह्यांच्या पावलांच्या उपचारास लावले. ज्या वेदनेपासून सुटका व्हावी म्हणून आपण धडपडतो, ती देहाची राखणदार आहे, हे त्यांच्या कार्याचे सार होय.

हा राखणदार गेला, की त्याचे काम डोळ्यांनी आणि हातांनी करावे लागते. रोज रात्री दोन्ही पावले उजेडात पाहावीत. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातील माणसाला पाहायला सांगावे. बोटांच्या बेचक्या तपासाव्यात. पाय कोमट पाण्याने धुवावेत, पाण्याची ऊब मात्र पायाने न अजमावता कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने अजमावावी; बेचक्या कोरड्या कराव्यात; तळव्यांना खोबरेल तेल लावावे, परंतु बोटांच्या मध्ये लावू नये. गरम पाण्याची पिशवी, विस्तवाचा शेक, भोवरीवर ब्लेड चालवणे किंवा तिच्यावर औषधी पट्टी चिकटवणे, हे सर्व वर्ज्य मानावे. घरातसुद्धा अनवाणी वावरू नये. मागे पट्टा असलेली, मऊ तळाची एम.सी.आर. (मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल वापरावी आणि पादत्राण पायात घालण्यापूर्वी झटकून पाहावे. देवळात पादत्राणे चालत नाहीत हे खरे, परंतु जाड मोजे घालून सकाळच्या गारव्यात दर्शन घेतल्याने कोणत्याही देवाचा अवमान होत नाही. फोड, चीर किंवा काळा डाग दिसला, तर तो दुखतो की नाही हा प्रश्न मनात आणूच नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

पायांचे जे, तेच इतर अवयवांचे. डोळ्याच्या आतील पडदा पुष्कळ बिघडेपर्यंत दृष्टी स्वच्छ राहू शकते. मूत्रपिंडे बरीच क्षीण होईपर्यंत लघवी पूर्वीसारखीच होते. इतकेच नव्हे, तर मधुमेह्याला हृदयविकाराचा झटकासुद्धा छातीत कळ न येता, केवळ दम लागून किंवा दरदरून घाम सुटून येऊ शकतो. म्हणून वर्षातून एकदा बाहुली विस्फारणारे थेंब घालून डोळ्याचा पडदा पाहून घ्यावा, लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासावे, आणि पायांची संवेदना नायलॉनच्या बारीक तंतूने तपासून देण्याची डॉक्टरांना विनंती करावी. रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजला जावा. ‘एचबीए१सी’ ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. ती वर्षातून दोनदा तरी, आणि औषधात फेरफार झाला असल्यास तीन महिन्यांनी करावी. रक्तक्षय असलेल्या माणसात हा आकडा फसवा निघू शकतो, तेव्हा घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदींशी त्याची रुजवात घालावी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव होऊन पायांची बधिरता वाढू शकते, याचीही डॉक्टरांना आठवण द्यावी.

साखर कमी होण्याचे संकट तेवढे बोलके असते: हात कापतात, घाम फुटतो, भूक भडकते, बोलणे असंबद्ध होते. तथापि उतारवयात आणि हा प्रसंग वारंवार आलेल्या माणसात ही लक्षणेही मुकी होतात. आकडा ७० च्या खाली दिसताच सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा तीन चहाचे चमचे साखर, पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही न ओतता त्याला तडक इस्पितळात न्यावे. इन्सुलिन घेणाऱ्याने बाटलीवरील अंक प्रत्येक खेपेस वाचावा. आपल्याकडे ४० आणि १०० अशा दोन्ही तीव्रतांचे इन्सुलिन मिळते; ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने टोचले, तर मात्रा अडीचपट होते.

आता ऐकीव माहितीविषयी. ‘मी बारीक आहे, मला कसला मधुमेह?’ या समजुतीला आपल्याच प्रांतातून उत्तर मिळाले आहे: पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून हे पुढे आले, की भारतीय माणूस वजनाने हलका दिसला तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. गूळ आणि मध हीदेखील साखरच होत. एकादशीला गोळी घेऊन उपाशी राहिल्याने साखर धोकादायक रीतीने उतरू शकते, आणि साबुदाण्याच्या खिचडीने ती चढते; म्हणून उपासाचा बेत डॉक्टरांशी मसलत करून ठरवावा. कारले, मेथी खुशाल खावीत, परंतु औषधाच्या जागी नव्हे. सर्वांत भयंकर सल्ला म्हणजे इन्सुलिन बंद करण्याचा. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोच्या इस्पितळात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले, आणि मरणाच्या दारात असलेला तो मुलगा त्यानंतर १३ वर्षे जगला. त्यापूर्वी अशा मुलांच्या आईबापांना वाट पाहण्यावाचून काही करता येत नसे. ज्या देहात इन्सुलिन निर्माणच होत नाही, त्याचे इन्सुलिन तोडायला सांगणारा मनुष्य कितीही सद्भावनेने बोलत असला, तरी तो मृत्यूचा सल्ला देत असतो.

डॉक्टर आपल्याला वर्षातून काही वेळा, काही मिनिटे पाहतात. बाकीचा सारा काळ या रोगाचा कारभारी रोगी स्वतःच असतो. त्याने एक वही घालावी. तीत साखरेचे आकडे, औषधांची नावे व मात्रा, तपासण्यांच्या तारखा आणि डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न लिहावेत, आणि प्रत्येक भेटीस ती वही सोबत न्यावी. दादा आज कृत्रिम पायाने हिंडतात, आणि गावात कोणाला मधुमेह निघाला की आपण होऊन त्याच्या घरी जाऊन प्रथम त्याचे पाय पाहतात. माझे वाचकांना एवढेच कळकळीचे सांगणे आहे, की आज निजण्यापूर्वी आपली दोन्ही पावले उजेडात नीट पाहा, घरात मधुमेही आईवडील असतील तर त्यांचीही पाहा, आणि या वर्षीची डोळ्यांची, मूत्रपिंडांची व पायांची तपासणी राहिली असेल तर तिची तारीख उद्याच ठरवा.