वानराला लांबूनच रामराम

सूनबाई, आपल्या वडीगोद्रीच्या शिवारात मोसंबीला फळ धरलं की वानरांची टोळी यायचीच. शनिवारी मारुतीपुढं लोक त्यांना हातानं केळी-चणे भरवतात. माझीही मारुतीवर श्रद्धा आहे. पण उमेदीची वर्षं आरोग्यसेविका म्हणून काढली, म्हणून सांगते: हात लांबूनच जोड. लेकराच्या हातानं तर घास मुळीच देऊ देऊ नकोस.

वानराचं शरीर आपल्या इतकं जवळचं, की पोटाचे कितीतरी जंतू दोघांनाही बाधतात. रक्ती आव करणारा शिगेलाच घे. 1897 साली जपानच्या कियोशी शिगांनी तो शोधला. गाई-म्हशींत तो घर करत नाही. त्याचं घर माणसात आणि माकडांच्या कुळात. दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो. नखाखाली डोळ्यांना दिसणारही नाही एवढी घाण त्याला पुरते. म्हणून जेवणाआधी हात साबणानंच धुवायचे, नुसते पाण्यातून काढायचे नाहीत.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण तारेनं आवळून ठेव. वानरं ते उचलून पाणी पितात, तिथंच घाण करतात. तसं झालं तर सगळं पाणी सोडून दे, टाकी घासून ब्लीचिंग पावडरनं धू आणि तोवर पिण्याचं पाणी उकळून घे. कुरडयांना तोंड लागलं तर जीव तुटतो गं, पण त्या टाकूनच दे. झाडाखालची अर्धवट खाल्लेली मोसंबी खायची नाही. चांगलं फळही धुवूनच चिर, नाहीतर सुरीच सालीवरची घाण आत नेते.

लेकराला जुलाब लागले तर लगेच एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजत राहा. शौचात रक्त दिसलं की थेट डॉक्टर. मेडिकलमधून जुलाब बांधणारी गोळी आणायची नाही. त्यानं दुखणं वाढतं.

वानर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन, रेबीजची लस आणि जखम पिकू नये म्हणून औषध, यातलं काय लागतं ते डॉक्टर ठरवतील. लसीचे डोस मध्येच सोडायचे नाहीत.

आणखी एक, जे लोक विसरतात. रोग आपणही त्यांना देतो. माणसापासून लांब राहणाऱ्या रानातल्या माकडांत क्षय क्वचितच दिसतो. पिंजऱ्यात, माणसांच्या सहवासात आलेल्यांना मात्र तो माणसाकडून लागतो. देवाचं रूप म्हणून आपलं उष्टं त्यांच्यापुढं टाकणं मला पटत नाही. घरातलं खरकटंही उघड्यावर टाकू नकोस.

वानर मेलं की गावोगाव भजन लावून अंत्ययात्रा काढतात. भावना मोठी आहे, पण उघड्या हातानं कुणी शिवू नये. 2016 साली सिंधुदुर्गात दोडामार्गाकडं माकडताप आला होता. तो विषाणूचा, गोचिडीतून पसरणारा; तिथं मेलेलं माकड हीच धोक्याची खूण असते. आपल्याकडं तो नाही, तरी मेलेलं किंवा आजारी वानर दिसलं की आधी वनविभागाला कळवायचं. त्यांचा 1926 हा नंबर आजच मोबाईलमध्ये टाकून ठेव.