लावलेल्या रोपाची पहिली तीन वर्षे

वाचनभाग : लेवीय १९:२३-२५

१९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठिकठिकाणी रोपे लावली जातात. आपल्या मंडळ्याही उपासना मंदिराच्या आवारात रोपे लावतात. पाळकसाहेब प्रार्थना करतात, छायाचित्र काढले जाते. एप्रिलात मात्र कसलाही महोत्सव नसतो, आणि रोपे वाळतात ती एप्रिलातच.

आजच्या वाचनभागात कनान देशात फळझाडे लावणाऱ्यांना आज्ञा आहे. पहिली तीन वर्षे फळ खावयाचे नाही, चौथ्या वर्षाचे परमेश्वराच्या स्तुतीसाठी पवित्र, आणि पाचव्या वर्षी ते घरात येते. यावर बोलताना आम्ही उपदेशक बहुधा घाईने चौथ्या वर्षावर, म्हणजे अर्पणावर, येतो. शहरातील झाडाचा खरा प्रश्न पहिल्या तीन वर्षांचा आहे. त्या काळात झाड काही देत नाही, नुसते मागते.

“आमची बदलीची नोकरी, भाड्याचे घर; झाड कोणासाठी वाढवावयाचे?” असे पुष्कळ जण म्हणतात. बाबेलात नेलेल्या लोकांचेही मन असेच उडालेले होते. यिर्मयाने त्यांना घरे बांधा, बागा लावा आणि त्या परक्या नगराचे हित पाहा, असे लिहून पाठविले (यिर्मया २९:५-७). महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मंडळ्यांना हे पत्र अधिक जवळचे वाटावे.

हैदराबादचेच उदाहरण घ्या. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. अफझलगंज भागातील एका जुन्या चिंचेवर चढून सुमारे दीडशे लोक वाचले. पुढे तिथे उस्मानिया रुग्णालय उभे राहिले, पण चिंच तोडली नाही. ज्यांनी तिला लहानपणी राखले त्यांच्या मनात सावली असेल, आकडे असतील. पूर खास नव्हता.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी वर्गाला एकच रोप द्यावे, दहा नकोत. कडुनिंब, करंज किंवा चिंच बरी. बुंध्याभोवती दोन हात रुंद आळे मोकळे ठेवावे. आवारात फरशी घालताना थेट खोडापर्यंत सिमेंट ओतले जाते, मग मुळांना ना पाणी मिळते ना हवा. हे सर्वांना दिसते, पण बांधकाम समितीला कोणी बोलत नाही! शिक्षकांनी बोलावे. खोड जाड होऊ लागले की लोखंडी जाळी काढावी, नाहीतर ती सालीत रुतते. नाताळचा तारा टांगण्यासाठी खिळे ठोकू नयेत, सुतळी पुरते. सण झाला की तीही सोडावी.

मे महिन्यात मुले आजोळी जातात. तेव्हा पाणी घालण्याची पाळी कोणत्या दिवशी कोणाची, हे मार्चअखेरच वहीत लिहून घ्यावे, आणि त्यात वडील मंडळींचीही नावे असावीत.